खळे कोणाचे?

सूर्याभोवती अथवा चंद्राभोवती क्वचित दिसणाऱ्या प्रकाशाच्या कड्यास आपण मराठीत ‘खळे’ म्हणतो. शब्द शेतातला आहे. सारवून टणक केलेल्या वर्तुळाकार जागेत मध्यभागी मेढ रोवावयाची (कोणी तिला तिवडा म्हणतात), तिच्याभोवती बैल फिरवावयाचे आणि कणसे मळावयाची, ती जागा म्हणजे खळे. कोकणीभाषक घरांतही मळणीच्या जागेस खळेंच म्हणतात, आणि तळकोकणात घरापुढचे अंगणसुद्धा खळेच. आकाशातील कडे पाहून आमच्या शेतकरी पूर्वजांस आपल्या मळणीच्या जागेची आठवण झाली, यात नवल नाही. नवल हे की, समुद्रापलीकडच्या ग्रीकांसही नेमकी तीच आठवण झाली. इंग्रजीत या कड्यास जो ‘हॅलो’ शब्द आहे त्याचे मूळ ग्रीक भाषेत असून, तेथेही त्याचा पहिला अर्थ मळणीचे खळे असाच आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधात ध्रुव हा मेढीच्या जागी आणि त्याभोवती फिरणाऱ्या ज्योती या मळणीच्या बैलांच्या जागी कल्पिल्या आहेत, तेव्हा आकाशात शेत पाहण्याची ही खोड फार जुनी म्हटली पाहिजे.

संस्कृत ग्रंथांत या कड्यास ‘परिवेष’ हे नाव आहे. चोहोंकडून वेढणारा तो परिवेष. पंगतीत फिरून वाढण्याच्या कामास ‘परिवेषण’ म्हणतात, आणि दोहोंचे मूळ एकच आहे, हे समाराधनेच्या दिवशी ज्यांनी कमरेस उपरणे बांधून हाती पळी धरली आहे त्यांस गमतीचे वाटेल. शेतातील खळ्यास मालक असतो. पंगतीस यजमान असतो. आकाशातील खळ्यास असा कोणी धनी आहे काय? ते कोणासाठी पडते, कोणाविषयी काही सांगते, आणि सांगत असेल तर ते ऐकण्याचा अधिकार कोणाचा? प्रश्न वरवर पोरकट वाटेल. परंतु त्याच्या उत्तरावर काही माणसांचे सुखदुःख आजवर अवलंबून राहिले आहे, म्हणून तो आम्ही येथे मांडीत आहो.

२४ मे २०२१ रोजी सकाळी बंगळूर शहरावर सूर्याभोवती मोठे, रेखीव खळे पडले. साथीमुळे त्या वेळी कर्नाटकात टाळेबंदी होती व बहुतेक माणसे घरीच होती. ज्याने त्याने ते आपल्याच गच्चीवरून, आपल्याच नारळाच्या झावळ्यांमागे पाहिले, आणि त्याची असंख्य छायाचित्रे घरोघरी पोहोचली. या छायाचित्रांत एक गोष्ट लक्षात येण्यासारखी होती. शहराच्या एका टोकाचे चित्र असो की दुसऱ्या टोकाचे, कडे सारखेच मोठे आणि सूर्य बरोबर मध्यावर. कोणाचेही खळे कडेने पाहिल्यासारखे, चपटे वा तिरके दिसले नाही.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी कारणाकडे थोडे वळले पाहिजे. आपल्याकडे मे महिन्यात जमीन तापलेली असते. परंतु नऊ-दहा किलोमीटर उंचीवर हवा त्याही दिवसांत उणे तीस-चाळीस अंशांची असते. तेथे पिंजलेल्या कापसाच्या विरळ थरासारखे जे ढग असतात, ते पाण्याच्या थेंबांचे नसून बर्फाच्या बारीक स्फटिकांचे असतात. पाण्याचा रेणू बर्फ होताना षट्कोनी घडणीत बसतो, म्हणून हे स्फटिक सहा बाजूंचे होतात. काही न टोकलेल्या शिसपेन्सिलीसारखे लांबट, काही षट्कोनी चकतीसारखे चपटे. अशा स्फटिकाच्या एका बाजूने किरण आत शिरला आणि एक बाजू सोडून पुढच्या बाजूने बाहेर पडला, तर त्या दोन बाजूंमधील कोन ६० अंशांचा असल्याने त्यास लोलकातून गेल्याप्रमाणे वळावे लागते. बर्फात प्रकाश जितका वाकतो त्या मानाने हे वळण कमीत कमी २२ अंशांचे येते. अधिक वळण घेणारे किरण असतात. २२हून कमी वळणारे मात्र नसतात, आणि बहुतेकांची गर्दी त्या किमान कोनाजवळच होते. म्हणून सूर्यापासून २२ अंशांवर कडे उजळते. त्याची आतली कड रेखीव आणि किंचित तांबूस, बाहेरची कड पसरट व पांढुरकी, आणि कड्याच्या आतले आकाश बाहेरच्याहून जरासे काळसर. सतराव्या शतकात मारियॉट या फ्रेंच शास्त्रज्ञाने या लोलकाच्या हिशेबाने खळ्याचा उलगडा केला, आणि तो आजही तसाच मान्य आहे.

आता हा हिशेब आमच्या भागावर बसवून पाहू. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बेळगावी मध्यान्ही सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो. त्या वेळी नऊ किलोमीटर उंचीवर हिमस्फटिकांचा पातळ पडदा बेळगावपासून निपाणीपर्यंत पसरला आहे असे समजा. पाहणाऱ्याच्या डोळ्यापासून सूर्याच्या दिशेशी २२ अंशांचा कोन करून चोहोंकडे रेषा काढल्या, तर त्या पडद्यास साडेतीन किलोमीटरांहून थोड्या अधिक त्रिज्येच्या वर्तुळात भेटतील. म्हणजे बेळगावी कपिलेश्वराच्या देवळापाशी उभ्या असलेल्या मनुष्याचे खळे बेळगाव शहराच्या माथ्यावरील स्फटिकांचे बनलेले आहे. त्याच क्षणी संकेश्वरास हिरण्यकेशीच्या काठी उभा असलेला मनुष्यही खळे पाहील. पण ते संकेश्वरावरील स्फटिकांचे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीसमोर उभा असलेला तिसरा निपाणीवरील स्फटिकांचे. बेळगाव ते निपाणी अंतर सुमारे पाऊणशे किलोमीटर. तिघेही एकमेकांस कळवितील की, आज खळे पडले आहे. तिघेही खरे बोलतील. आणि तिघांच्या खळ्यांत एकही स्फटिक सामाईक नसेल.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. एका अंगणात उभ्या असलेल्या आई व मुलाची खळी निराळी आहेत. फार कशाला, एकाच माणसाच्या दोन डोळ्यांची खळीदेखील तंतोतंत त्याच स्फटिकांची नसतात. शिवाय ते स्फटिक सतत खाली उतरत असतात, वाऱ्याबरोबर सरकत असतात. ज्यांनी आता कडे दाखविले ते पुढच्या क्षणी जागा सोडतात, दुसरे त्या जागी येतात आणि कडे मात्र स्थिर भासते. पाहणारा चालू लागला तर खळेही त्याच्याबरोबर चालते. देवाच्या मूर्तीमागील प्रभावळ बाजूस उभे राहून पाहिली तर ती रुप्याचा पातळ पत्रा आहे हे दिसते, सोनाराने मागून ठोकलेल्या खुणाही दिसतात. आकाशातील प्रभावळ बाजूने कोणास कधीच दिसत नाही, कारण बाजूस जाताच ती नवी घडते.

मग हे खळे आहे कोठे? आकाशात कड्यासारखी वस्तू नाही. तेथे केवळ विखुरलेले स्फटिक आहेत. डोळ्यातही नाही, कारण छायाचित्रे घेणाऱ्या यंत्रास ते दिसते, आणि यंत्रास कल्पना नसते. सूर्य, स्फटिक आणि पाहणाऱ्याची जागा हे तिन्ही एका विशिष्ट कोनात जुळले म्हणजे खळे. यांपैकी एक काढून घेतले की खळे उरत नाही.

वेदान्ताच्या अभ्यासकांस येथे ओळखीची वाट लागेल. भ्रमाचे दोन प्रकार त्या शास्त्रात सांगितले आहेत. अंधुक उजेडात दोरीच्या ठिकाणी साप दिसतो. दिवा आणला की साप नाहीसा होतो व दोरी उरते. हा निरुपाधिक भ्रम. दुसरा दृष्टान्त स्फटिकाचा आहे. शुभ्र स्फटिकाजवळ जास्वंदीचे फूल ठेवले की स्फटिक तांबडा दिसू लागतो. तो तांबडा नाही हे पुरते ठाऊक असले, शंभर वेळा घोकले, तरी फूल जवळ आहे तोवर तो तांबडाच दिसणार. हा सोपाधिक भ्रम. जवळचे फूल ही त्याची उपाधी. मृगजळही याच वर्गातले. खळ्याचे कारण कळल्यावर खळे नाहीसे होत नाही, उलट अधिक नीट दिसू लागते. म्हणून त्याची जागा दोरीवरील सापाशेजारी नसून जास्वंदीजवळच्या स्फटिकाशेजारी आहे. हा भेद बारीक वाटला तरी त्यात मोठा अर्थ आहे. सापाच्या बाबतीत ज्ञान दृश्यच पुसून टाकते. स्फटिकाच्या बाबतीत दृश्य जसेच्या तसे राहते, आणि ज्ञानाने पुसावयाचा असतो तो आपण त्या दृश्यावरून काढलेला निकाल.

आमच्या वाचकांत कवळे मठाची परंपरा मानणारे स्मार्त आहेत तसे पर्तगाळी मठाचे वैष्णवही आहेत, तेव्हा द्वैती पक्ष येथे काय म्हणेल हेही पाहिले पाहिजे. तो प्रथम आमच्या ‘भ्रम’ या शब्दासच हरकत घेईल. किरण सत्य, स्फटिक सत्य, पाहणारा जीव सत्य, आणि या तिहींचा परस्परांहून भेदही सत्य. त्या त्या दिशेने प्रकाश आला आणि तो आला तसा दिसला, यात भ्रम कोठे आहे, असे तो विचारील. ‘सूर्याभोवती एक कडी लटकलेली आहे’ ही समजूत तेवढी असत्य, असे तो म्हणेल. आम्हांस या हरकतीत बरेच बळ दिसते. परंतु मौज अशी की, शेवटी दोन्ही पक्ष एकाच जागी येऊन थांबतात. दिसण्यास कोणीच दोष देत नाही. दोष दिसण्यावरून काढलेल्या निकालास आहे.

येथे एका सोप्या उत्तरापासून मात्र सावध राहिले पाहिजे. ज्याचे खळे त्याचे निराळे, म्हणून ज्याचे सत्य त्याचे निराळे, असे म्हणून मोकळे होण्याचा मोह पडतो. आमच्या सीमाभागात तर हे वाक्य चहाच्या पेल्यागणिक ऐकावयास मिळते. गावाच्या नावाच्या पाटीवरून वाद निघाला की कोणीतरी समंजस गृहस्थ ‘तुमचे तुम्हांला खरे, आमचे आम्हांला’ असे म्हणून उठतो. खळे या समंजसपणास पाठिंबा देत नाही. स्फटिक निराळे असले तरी कोन सर्वांचा एकच आहे. निपाणीकराने आपले खळे २२ अंशांचे मोजले आणि बेळगावकराने ३० अंशांचे सांगितले, तर बेळगावकराचे मोजमाप चुकले आहे. तो त्याचा दृष्टिकोन नव्हे. जे प्रत्येकाचे आपापले आहे ते केवळ स्थान. नियम सर्वांचा मिळून आहे, आणि म्हणूनच पाऊणशे किलोमीटरांवरील दोन माणसे एकाच गोष्टीविषयी बोलू शकतात.

आता निकालांकडे येऊ. सहाव्या शतकातील वराहमिहिराने आपल्या बृहत्संहितेत परिवेषास स्वतंत्र अध्याय दिला आहे. आरंभीच तो कारण सांगतो: सूर्यचंद्रांचे किरण वाऱ्याने मंडलाकार होऊन विरळ ढग असलेल्या आकाशात नाना रंगांनी व आकारांनी दिसतात, ते परिवेष. विरळ ढगाची अट त्याने अचूक हेरली आहे. प्रतिसूर्याविषयी, म्हणजे खऱ्या सूर्याच्या बाजूस दिसणाऱ्या खोट्या सूर्याविषयी, तो सांगतो की तो उत्तरेस दिसला तर पाऊस, दक्षिणेस दिसला तर वारा, दोहों बाजूंस दिसला तर पुराचे भय, वर दिसला तर राजाचा नाश, खाली दिसला तर प्रजेचा. यातील निरीक्षण किती खरे आहे पाहा. चपटे षट्कोनी स्फटिक झाडाच्या गळत्या पानासारखे आडवे तरंगत उतरतात. त्यांच्यामुळे सूर्याच्या डाव्या-उजव्या बाजूंस, त्याच्याच उंचीवर, दोन झगमगते ठिपके दिसतात, आणि तेही सूर्य क्षितिजाजवळ असताना ठळक. उगवता सूर्य पूर्वेस, मावळता पश्चिमेस. तेव्हा त्याच्या दोन बाजू म्हणजे उत्तर व दक्षिणच व्हावयाच्या. डोळे उघडे ठेवून पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्याखेरीज हे लिहिता येत नाही. परंतु त्याच ग्रंथात पुढे प्रतिपदेपासून चार तिथींस पडलेला परिवेष अनुक्रमे चार वर्णांस घातक, असेही वाटप केलेले आढळते. विरळ ढगापर्यंत जी दृष्टी इतकी स्वच्छ होती, तिने ढगातून खाली उतरताच माणसांची यादी हाती घ्यावी, हे आम्हांस पटत नाही. आणि आचार्यांविषयी पूर्ण आदर ठेवून तसे म्हणणे हा त्यांच्या निरीक्षणशक्तीचा गौरवच आहे असे आम्ही मानतो.

ग्रहणाची गोष्ट निराळी होती. ग्रहण गणितात सापडले, पंचांगात छापले गेले, स्पर्श-मोक्षाच्या घटिका ठरल्या. मग त्याचे भय पुष्कळसे आचारात बांधले गेले. खळे पंचांगात येत नाही. ते केव्हा पडेल हे वर्षभर आधी कोणी सांगू शकत नाही, आणि जे अवचित येते ते आपल्यालाच उद्देशून आले असे वाटणे हा मनुष्यस्वभाव आहे.

शेतकऱ्याने काढलेला निकाल याहून फार विवेकाचा आहे. निपाणीच्या आसपास विडीच्या तंबाखूची कापणी जानेवारी-फेब्रुवारीत होते आणि कापलेला माल शेतातच उन्हात वाळत पडतो. त्या दिवसांत एक अवकाळी सर आली तरी वर्षाची मेहनत डागाळते. अशा मनुष्याने खळे दिसताच आकाशाकडे संशयाने पाहिले, तर त्यास अंधश्रद्ध म्हणण्याचा अधिकार गादीवर बसलेल्यास नाही. खळे लांबचे तर पाऊस जवळ आणि खळे जवळचे तर पाऊस लांब, अशा अर्थाचे बोल आपल्याकडे आहेत. त्यांत तथ्य आहे. चंद्रास अगदी लगटून जे लहान रंगीत कडे दिसते ते बहुधा मधल्या उंचीवरील ढगांतल्या पाण्याच्या बारीक थेंबांचे असते. मोठे, दूरचे कडे हिमस्फटिकांचे. आणि हिमस्फटिकांचा पडदा कधी कधी मोठ्या पर्जन्यमेघांचा किंवा अरबी समुद्रातील वादळाचा पुढे पसरलेला पदर असतो. कधी कधी, हेही खरे. कारण हिवाळ्यात वरच्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर असेच ढग येतात आणि थेंबही न टाकता निघून जातात.

नैयायिकांच्या भाषेत सांगावयाचे तर येथे तीन पायऱ्या आहेत. जेथे असे मोठे खळे, तेथे हिमस्फटिकांचा ढग: ही व्याप्ती पक्की आहे, धूर आणि अग्नीइतकीच. जेथे हिमस्फटिकांचा ढग, तेथे पाऊस: हा हेतू व्यभिचारी आहे; पुष्कळदा खरा ठरतो, पुष्कळदा नाही, आणि म्हणून शहाणा शेतकरी ताडपत्री जवळ आणून ठेवतो पण कापणी थांबवीत नाही. जेथे खळे, तेथे अमक्या घराचे अनिष्ट: येथे व्याप्तीचा मागमूसही नाही. पहिल्या पायरीचा भरवसा तिसऱ्या पायरीस उसना देण्याने सगळा घोटाळा होतो.

हा घोटाळा निरुपद्रवी असता तर आम्ही त्यावर इतका कागद खर्च केला नसता. परंतु अपशकुनास नेहमी एक नाव लागते. आकाशात कडे दिसले एवढ्यावर कोणाचे समाधान होत नाही. ते कोणामुळे, हे हवे असते. मग त्या आठवड्यात घरात आलेल्या सुनेचे नाव निघते, दाराशी उभ्या असलेल्या विधवेचे निघते, ज्या घराशी जुने भांडण आहे त्या घराचे निघते. पुरुषाचे, आणि तेही मिळवत्या पुरुषाचे नाव अशा वेळी फारसे निघाल्याचे कोणाच्या ऐकिवात असेल असे आम्हांस वाटत नाही. पुढे त्या घरात साधे दुखणे आले तरी त्या मुलीस वर्षानुवर्षे ते बोल ऐकावे लागतात. ज्या सासूने अंगणातून खळे पाहून सुनेस दोष दिला, तिच्या मनात हे येत नाही की त्याच घटकेस सुनेच्या माहेरच्या अंगणातून तिच्या आईनेही खळे पाहिले, आणि त्याचा मध्य त्या अंगणावर होता. दोष सूर्यावरून येत असेल तर तो कोणत्या अंगणात उतरला म्हणावयाचे?

शुभशकुनाचीही हीच कथा. १४६१ सालच्या फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये मॉर्टिमर्स क्रॉस येथे गृहयुद्धातील दोन सैन्ये समोरासमोर उभी असता आकाशात तीन सूर्य दिसले, असे तेथील बखरकारांनी नोंदविले आहे. ते प्रतिसूर्यच असावेत. यॉर्क घराण्याच्या तरुण एडवर्डाने आपल्या घाबरलेल्या शिपायांस, ही ईश्वराच्या त्रिरूपाची खूण असून ती आपल्या जयाची आहे, असे सांगितले. त्याचा जय झाला आणि पुढे तो राजाही झाला. प्रसंगावधान वाखाणण्यासारखे आहे. परंतु ते तीन सूर्य समोरच्या सैन्यासही तितकेच दिसत होते, आणि त्यांचाही देव तोच होता.

आमच्या देवस्थानांच्या संदर्भात हा प्रश्न अलीकडे अधिकच जवळ आला आहे. खळे पाहताना सूर्य कशाच्या तरी आड धरावा लागतो, नाही तर डोळ्यांस अपाय होतो. देवळाचा कळस त्या कामास फार सोईचा. कळसाआड सूर्य धरून छायाचित्र घेतले की कळसाभोवती आखून काढल्यासारखे तेजाचे मंडल येते. चित्र सुंदर असते आणि ते खोटे नसते. खोटी असू शकते ती त्याखाली लिहिलेली ओळ: आज अमक्या देवस्थानावर साक्षात प्रभावळ प्रकटली. ती ओळ लिहिणारा दहा पावले बाजूस सरला असता तर तेच मंडल समोरच्या चहाच्या दुकानाच्या पत्र्यावर प्रकटले असते, आणि पेढे वाटण्याचा मान दुकानदारास मिळाला असता. हे लिहिताना कोणाची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु जे आपल्या उभे राहण्याच्या जागेमुळे घडले ते देवाने आपल्या देवळासाठी घडविले असे सांगणे, आणि शेजारच्या देवळाहून आपल्या देवळाचे माहात्म्य त्या आधारे वाढविणे, यास असत्य म्हणावयाचे की नाही? सांगणारा श्रद्धाळू असला म्हणून उत्तर बदलते असे आम्हांस वाटत नाही. देवाच्या नावावर जमा केलेले असत्य देवाच्या खात्यावर राहत नाही. ते सांगणाऱ्याच्याच नावे पडते.

यावर भाविक वाचक विचारील की, मग त्या दृश्यापुढे हात जोडू नयेत काय? अवश्य जोडावेत. गच्चीवर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गृहस्थाचा हात खळे दिसताच कपाळाकडे जातो, त्यात आम्हांस काही वावगे दिसत नाही. तो काही मागत नाही, कोणावर काही ढकलीत नाही. सूर्याची उपासना आपल्याकडे नित्यकर्मात आहे. संध्या करणारा रोज सकाळी अर्घ्य देतो. त्या दिवशी सूर्याभोवती खळे आहे की नाही, ढग आहेत की आकाश निरभ्र आहे, याची तो चौकशी करीत नाही. ज्याची पूजा रोज होते त्यास आज विशेष काय दाखविलेस असे विचारावे लागत नाही. चमत्काराची मागणी बहुधा तेथेच सुरू होते जेथे रोजचे अर्घ्य सुटलेले असते, हा आमचा अनुभव आहे. कोणास तो बोचला तर त्यास आमचा इलाज नाही.

ज्यांस हे सारे स्वतः पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. सूर्याकडे थेट पाहू नये. घराची वळचण, झाडाचे खोड किंवा कळस यांच्या आड तो झाकावा. मग हात पुरता लांब करून पंजा ताणावा. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत जे अंतर भरते ते साधारण २० ते २२ अंशांचे असते. अंगठा सूर्यावर ठेवला तर करंगळी कड्यावर टेकेल. लहान मुलाचा पंजा लहान तसा हातही आखूड, त्यामुळे त्याचेही माप बहुधा जुळते, आणि मुलांस याची फार मौज वाटते. खळे सापडले की त्यावरच न थांबता खाली क्षितिजाकडेही दृष्टी टाकावी. सूर्य क्षितिजापासून ५८ अंशांहून वर चढलेला असला आणि आडव्या चकत्यांसारखे स्फटिक पुरेसे असले, तर सूर्याच्या बाजूस, क्षितिजाला समांतर असा इंद्रधनुष्याहूनही स्वच्छ रंगांचा सपाट पट्टा क्वचित दिसतो. बेळगाव-निपाणीकडे फेब्रुवारीच्या आरंभापासून नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत दुपारी सूर्य इतका वर येतोच. लंडनच्या आकाशात तो केवळ उन्हाळ्यातील काही आठवडे, मध्यान्हीच्या सुमारास तितका चढतो, आणि एडिंबरोस तर कधीच चढत नाही. तेथे स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींनी तो पट्टा पाहावयाचा म्हटले तर सुटीत इकडे यावे लागेल, आणि दुपारी जेवणानंतर जरा पडावयाचे सोडून अंगणात उभे राहावे लागेल.